दिवसाला सात शतांश

यज्ञेश्वर गायधनींच्या घरी चहा घेतला, की तो कितीला पडला हे ऐकल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसे. दूध-साखरेचा हिशेब ते सांगत नसत, तेवढे कोते ते नव्हते. सांगत फक्त गॅसचा. "दोन कप, आलं घालून उकळलेला, ऐंशी पैसे. आलं नसतं तर सत्तर," असं म्हणून ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत. समोरचा हसे आणि त्यांना वाटे, माणसाला मौज वाटली. आत ओट्याशी उभ्या असलेल्या मालिनीबाईंना काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात पडला नव्हता, आणि तो न पडल्याचीच ही गोष्ट आहे.

आकड्यांचं आणि वहीचं वेड त्यांना घरातून आणि नोकरीतून, असं दोन्हीकडून आलं होतं. वडील पंचवटीत उपाध्ये. बाहेरगावच्या यजमानानं गाव आणि आडनाव सांगितलं, की ते कपाटातली लांबट वही काढत आणि त्या माणसाला त्याच्याच पणजोबाचं नाव वाचून दाखवत. एखादा म्हणे, आमच्या घरी तर वेगळंच नाव सांगतात. वडील वही मिटत आणि म्हणत, घरच्यांना आठवत नसेल, वहीत आहे ते आहे. पुढे वह्या आणि यजमान थोरल्या भावाकडे गेले. यज्ञेश्वर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागले आणि बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये तेहतीस वर्षं दर तासाला रीडिंग लिहीत राहिले. पाण्याचं तापमान, वाफेचा दाब, जळलेला कोळसा. कोळसा जास्त गेला आणि वीज तेवढीच निघाली, तर उष्णता कुठेतरी वाया जातेय. ती जागा हुडकायची. यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते, गायधनींच्या नजरेतून एक कॅलरीसुद्धा सुटली नाही. ते वाक्य त्यांना तोंडपाठ होतं.

निवृत्तीनंतर आठेक वर्षांनी जेल रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत पाइपचा गॅस आला. सिलिंडर होता तोवर त्यांचं फारसं काही चालत नसे. लावल्याची तारीख कॅलेंडरवर टिपायची, संपल्याची टिपायची, मधले दिवस मोजायचे, बस. आता ड्राय बाल्कनीतल्या भिंतीवर मीटर आला. काळे आकडे म्हणजे पुरे युनिट आणि त्यापुढचे तीन लाल आकडे म्हणजे युनिटाचे दशांश, शतांश, सहस्रांश. बिलासाठी दोन महिन्यांनी काळ्या आकड्यांचा फोटो पाठवला की काम भागत असे. लाल आकड्यांकडे बघणारा सबंध सोसायटीत एकच माणूस होता. आजच्या आकड्यातून कालचा वजा करायचा, उरेल त्याला दरानं गुणायचं. दर त्या वेळी युनिटाला पन्नास रुपयांच्या आसपास होता. कुकर लावण्याआधी एक रीडिंग, उतरवल्यावर एक, की कुकर पावणेदोन रुपयांना पडला. पोळ्या तीन रुपयांना. दोन माणसांच्या या घराला दिवसाला चोवीस शतांश युनिट लागतं, हे त्यांनी महिनाभरात पक्कं केलं. रोजचे आकडे एका वहीत, निळ्या शाईत सगळं, खाडाखोड नाही. वही खरोखरच देखणी होती.

स्वयंपाक रंगूबाई करत. रंगूबाई मूळच्या हरसूलकडच्या. नवऱ्याबरोबर बांधकामावर म्हणून नाशकात आल्या, नवरा गेला, त्या राहिल्या. सिन्नर फाट्याजवळ दोन खोल्या, एक लेक लग्न होऊन गेलेली. गायधनींकडे त्या अकरा वर्षं येत होत्या, सकाळी एकदा आणि संध्याकाळी साडेचारला एकदा. मालिनीबाईंच्या बोटांना संधिवातानं धरलं त्याला चार वर्षं झाली होती. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला झुकलेली. कणीक मळणं सुटलं, मग विळी सुटली, मग पेन. शाळेत मराठी शिकवलेल्या बाईचं पेन सुटलं, त्याचं त्यांना पोळ्यांपेक्षा जास्त वाटलं, पण त्या तसं कुठे बोलल्या नाहीत. त्यांचं बोलणं व्हायचं ते रंगूबाईंशी. संध्याकाळी यज्ञेश्वर जॉगिंग ट्रॅकवरच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर गेले, की दोघी स्वयंपाकघरात बसत. कशावर बोलत ते यज्ञेश्वरांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त गॅस किती जळतो ते माहीत होतं.

दिवाळी झाली, थंडी सुरू झाली, आणि चोवीसचे एकतीस शतांश झाले.

एक दिवस झाले असते तर पाहुणा आला असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण रोज एकतीस. यज्ञेश्वरांच्या अंगात जुना कंट्रोल रूमचा माणूस जागा झाला. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला, कारण वाया जाणारी उष्णता हुडकण्याचं काम कित्येक वर्षांत हाती आलं नव्हतं. त्यांनी सगळ्या जोडण्यांना साबणाचा फेस लावून बघितला, गळती नव्हती. मग रीडिंगा वाढवल्या. सकाळचा हिशेब जुळत होता. दुपारचा जुळत होता. वाढीव सात शतांश जात होते ते संध्याकाळी साडेचार ते साडेसहा या वेळात, म्हणजे ते स्वतः कट्ट्यावर असताना. एकदा ते लवकर परतले तर ओट्यावर मोठं पातेलं पालथं घातलेलं, ओलं. दोन माणसांच्या रात्रीच्या खिचडीला एवढं पातेलं कशाला? आणि रंगूबाईंच्या खांद्याला नेहमीसारखी कापडी पिशवी होती.

पुढे त्यांनी फार विचार केला नाही. हेच त्यांना नंतर सलत राहिलं. पाणी, वाफ, कोळसा यांच्या बाबतीत दहा शक्यता तपासणारा माणूस इथे पहिल्याच शक्यतेवर थांबला. बाई आपल्या घरचा भात इथे शिजवून नेते, हे त्यांनी ठरवून टाकलं आणि वहीत रोजच्या ओळीपुढे लिहायला सुरुवात केली: रंगूबाई, सात शतांश. असे अठरा दिवस लिहिले. कट्ट्यावरही त्यांनी ही हकिगत रंगवून सांगितली. मीटरवरून चोर कसा पकडावा, यावर तिथे दोन संध्याकाळी चांगल्या गेल्या.

एकोणिसाव्या दिवशी ते कट्ट्यावर गेले नाहीत. मालिनीबाई टेबलाशी बसून ताटात तांदूळ निवडत होत्या. रंगूबाई आल्या, पदर खोचला, आणि यज्ञेश्वरांनी वही त्यांच्यापुढे उघडून धरली.

"रंगूबाई, मी कुणावर आळ घेत नाही," ते म्हणाले. "आकडे काय म्हणतात तेवढं सांगतो. संध्याकाळचे सात शतांश तुमच्या वेळेत जास्त जातात. रोज. महिन्याचे एकशे पाच रुपये होतात. पैशाचं काही नाही. पण तुम्हाला भात हवा असेल तर मागून न्यायचा, असा शिजवून नाही न्यायचा."

रंगूबाईंनी वहीकडे बघितलं. मग मालिनीबाईंकडे बघितलं, चांगलं दोन-तीन क्षण. मालिनीबाईंची मान ताटावर होती. वाकड्या बोटांनी त्या एकच खडा इकडून तिकडे सारत होत्या.

"काकू?" रंगूबाई म्हणाल्या.

मालिनीबाईंनी मान वर केली नाही.

"बरं," रंगूबाई म्हणाल्या. "तुमच्या वहीत हाय म्हन्ता तर हाय, काका." त्यांनी खोचलेला पदर सोडला, पिशवी घेतली. यज्ञेश्वरांनी त्या दिवसापर्यंतचा पगार मोजून दिला आणि गॅसचे कापले नाहीत. तेजश्रीला, म्हणजे पुण्याच्या लेकीला, त्यांनी फोनवर हे आवर्जून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, अकरा वर्षं येत होत्या हो त्या." ते म्हणाले, "म्हणूनच तर कापले नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून मालिनीबाई स्वतः ओट्याशी उभ्या राहिल्या. नवीन बाई मिळेपर्यंत म्हणून. यज्ञेश्वर कणीक मळून देत, भाजी चिरून देत. त्यात ते हयगय करत नसत. आणि संध्याकाळी मीटर बघितला तर दिवसाचे चोवीस शतांश. दुसऱ्या दिवशी चोवीस. तिसऱ्या दिवशी तेवीस. सात शतांश रंगूबाईंबरोबर घरातून निघून गेले होते. याहून वेगळा पुरावा कुठला हवा? त्यांनी ते पान मालिनीबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, दिसतंय." मालिनीबाईंना पटलं, असं त्यांना वाटलं.

त्या साली थंडी बरीच होती. पौषात तर सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. मालिनीबाईंच्या हातून एक कप पडला, मग ताट पडलं. ब्लाउजचे हूक लागेनात, तेही यज्ञेश्वर लावून देऊ लागले. संक्रांतीला तिळाचा लाडू त्यांना बोटांनी धरता आला नाही, तळव्यावर घेऊन खाल्ला. ते बघून मात्र यज्ञेश्वर त्यांना घेऊन देवी चौकाजवळच्या त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. याआधी मालिनीबाई तिथे गेल्या होत्या दिवाळीनंतर. त्या दिवशी यज्ञेश्वरांची पेन्शनरांची सभा होती म्हणून सोबत रंगूबाई गेल्या होत्या.

डॉक्टरांनी बोटं हातात घेऊन बघितली. "अहो, हे एवढं कसं वाढलं? डिसेंबरात फोन केला होतात तेव्हा किती छान फरक पडलाय म्हणत होतात. पाण्यात हात बुडवणं चालू आहे ना?"

मालिनीबाईंनी बोटं हळूच सोडवून घेतली.

"कसलं पाणी?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

"गरम पाण्यात मीठ घालून पाव तास. मोठ्या पातेल्यात, मनगटं बुडतील एवढं. निवलं की पुन्हा गरम करून घ्यायचं. त्या तुमच्याकडच्या बाई आल्या होत्या ना, त्यांनाच मी दाखवलं होतं. त्या रोज करून घेत होत्या की यांच्याकडून."

माणसाची सवय कशी असते बघा. काय झालं ते यज्ञेश्वरांना कळलं, आणि तरी त्याच क्षणी डोक्यात आकडे सुटायला लागले. पाच लिटर पाणी. पंधरा अंशांपासून पंचेचाळीस अंशांपर्यंत. शेगडीवरची दोन तृतीयांश उष्णता हवेत जाते, म्हणजे पाच शतांश. मध्ये एकदा गरम करायचं, दोन शतांश. सात. हिशेब चोख होता. तेहतीस वर्षं पाणी तापवायच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला, पातेलं ओलं दिसूनही, त्यात पाणी असेल हे सुचलं नव्हतं.

परतताना रिक्षा दुर्गा गार्डनशी आली तेव्हा यज्ञेश्वरांनी विचारलं.

"मला सांगायचं नाही का, मालिनी?"

"गेल्या वर्षी मी पाय शेकायला पाणी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाल्कनीतून आलात आणि म्हणालात, हे दीड रुपयाचं पाणी झालं. चेष्टेनंच म्हणालात. मी पण हसले. पण मग पुन्हा ठेवावंसं वाटलं नाही. रंगूबाई म्हणाली, काका नसताना करू. मी तिला म्हटलं, बोलू नकोस."

"आणि त्या दिवशी? ती गेली तेव्हा?"

मालिनीबाईंनी हात पदराखाली घेतले. "तिनं मला हाक मारली. मला वर बघवलं नाही. तुम्ही वही धरून उभे होतात, आता तिला सोडवू का स्वतःला, असं काहीतरी झालं मला. ती गेल्यावर मी दार उघडून जिन्यात गेले होते. तोवर ती उतरली होती." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा माझं जास्त वाईट आहे. तुम्हाला माहीत तरी नव्हतं."

माहीत नव्हतं, हे खरं होतं. पण चाळीस वर्षं एका घरात राहून बायकोला पाणी तापवायची भीती वाटते हे माहीत नसणं, हा काही बचाव होत नव्हता, आणि ते यज्ञेश्वरांना रिक्षात बसल्या बसल्या कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते सिन्नर फाट्याला गेले. रंगूबाईंचं घर त्यांनी अकरा वर्षांत बघितलं नव्हतं. विचारत विचारत जावं लागलं. दार बंद होतं. शेजारीण म्हणाली, पॅकहाउसला जाते, द्राक्षाच्या, सहाला येईल. ते समोरच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर दोन तास बसून राहिले. रंगूबाई आल्या त्या पाय ओढत. दिवसभर उभ्यानं द्राक्षं कातरून पेटीत भरायची, त्यानं घोटे सुजले होते. त्यांनी कुलूप काढलं, खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं.

"बाकीची दोन घरं?" यज्ञेश्वरांनी विचारलं. त्यांच्याच सोसायटीत रंगूबाई आणखी दोघांकडे जात.

"सुटली ना. तुम्ही कट्ट्यावर सांगितलं, तिथून घरोघर गेलं. एकीनं तोंडावर सांगितलं, दुसरी म्हनली, आता गरज नाय."

यज्ञेश्वर उभे राहिले. त्यांनी जे ठरवून आणलं होतं ते सगळं बोलले. माझी चूक झाली, डॉक्टरांनी सांगितलं, मला कळायला हवं होतं, तुम्ही परत या, पगार वाढवतो. रंगूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"काका, मला वाचता येत नाय फारसं," त्या म्हणाल्या. "पन माझं नाव येतं. लेकीनं शिकवलं. तुम्ही वही धरली तवा आकडं कळलं नाय मला, पन नाव दिसलं. खाली खाली, रोजचं. मी रोज तुमच्यासाठी भाकर थापत व्हते आन् तुम्ही रोज माझं नाव लिवत व्हते."

"मी ते खोडतो. सगळी पानं फाडतो."

"ते फाडाल. कट्ट्यावरचं कसं फाडायचं?"

मग रंगूबाईंनीच विचारलं, "काकूंची बोटं कशी हायती?" त्यांनी सांगितलं. रंगूबाईंनी तोंड फिरवलं. "मी नाय येनार, काका. काकूंवर राग नाय माझा. त्यांचं मला ठावं हाय. पन त्या घरात आता माझा हात नाय चालायचा. तुम्हीच करा. पानी लय कढत नको, आपला कोपर बुडवून बघायचा. मूठभर मीठ. बोटं पान्यातच उघडायची, मिटायची. निवलं की परत ठेवायचं."

ते तिथून तडक कट्ट्यावर गेले. अंधारून आलं होतं, चौघं-पाचजण अजून बसले होते. यज्ञेश्वरांनी उभ्या उभ्याच सांगितलं, की रंगूबाईंनी काही केलं नव्हतं, आपलंच चुकलं, ते पाणी आपल्या बायकोच्या औषधाचं होतं. एकजण म्हणाला, असं होय. दुसरा म्हणाला, "जाऊ द्या हो गायधनी, फार मनाला लावून घेता. ती पाणी तापवत असेलही, पण सोबत भात शिजवत नसेल कशावरून?" सगळे हसले आणि विषय महानगरपालिकेवर गेला. यज्ञेश्वर परत परत सांगत राहिले, दोनदा, तीनदा, पण चोर पकडल्याची गोष्ट जितक्या आवडीनं ऐकली गेली होती, तितक्या आवडीनं ही कुणी ऐकेना. शेवटी ते घरी आले.

मालिनीबाई टीव्हीपुढे बसल्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "येणार नाही म्हणाली. राग नाही म्हणाली तुझ्यावर." मालिनीबाईंनी मान हलवली आणि बराच वेळ ती हलवत राहिल्या.

यज्ञेश्वरांनी मोठं पातेलं काढलं, पाणी ठेवलं, मूठभर मीठ टाकलं. कोपर बुडवून बघितला. पातेलं टेबलावर आणून ठेवलं आणि बायकोच्या बांगड्या मागे सारून तिचे हात धरून पाण्यात सोडले. त्या हातांची बोटं इतकी वळली आहेत, हे त्यांनी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

"उघड. आता मीट," ते म्हणाले. त्या उघडू, मिटू लागल्या.

पाच-सात मिनिटं झाली. "निवलं असेल, परत ठेवून आणतो."

"नको, नको," मालिनीबाई घाईनं म्हणाल्या. "गरम आहे अजून. बसा तुम्ही."

ते बसले. घड्याळाकडे बघून पाव तास होऊ दिला. खिडकीतून वारं येत होतं, ती त्यांनी उठून लावली. परत येऊन त्यांनी सहज पातेल्यात हात घातला. पाणी केव्हाच निवलं होतं.

"मालिनी, बरं वाटतंय?"

"खूप," मालिनीबाई म्हणाल्या, आणि पाहुण्यांकडे बघून हसावं तशा हसून निवलेल्या पाण्यात बोटं उघडत, मिटत राहिल्या.